ईमची शिरगणती

सोबत एक वही घ्या आणि जाड तळाचे बूट घाला. इंग्लंडमधल्या डर्बीशरमध्ये, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरउतारावर ईम नावाचं गाव आहे. तिथे तुम्हाला सव्वानऊशे वर्षांत पुन्हा पुन्हा जायचं आहे आणि दर खेपेला काम एकच आहे: गावात माणसं किती, ते मोजून वहीत लिहायचं.

पहिली खेप १०८६ची. विल्यम राजाने वीस वर्षांपूर्वी इंग्लंड जिंकलंय आणि आता कुणाकडून किती वसूल होऊ शकतं हे त्याला नेमकं कळायला हवंय. त्याची माणसं गावोगावची माहिती गोळा करतायत. त्यातून डूम्सडे बुक तयार होईल आणि त्यात ईमचं नाव येईल. तुम्ही त्यांच्या मागे उभं राहून ऐकता. नांगर किती, जमीन किती, कुटुंबप्रमुख किती. बायका, मुलं, म्हातारी आईबाप यांची विचारपूस होत नाही. गावात मात्र कोरीवकाम केलेला एक दगडी क्रूस उभा आहे. तो राजाच्या कितीतरी पिढ्या आधीचा आहे, म्हणजे माणसं इथे मुरलेली आहेत. पण तुमच्या वहीत त्यांच्यापैकी बहुतेकांना जागा नाही.

१३४९मधून झपाट्याने बाहेर पडा. काळा मृत्यू म्हटल्या गेलेल्या प्लेगच्या साथीने देशातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माणसं नेली आहेत. पुढची दोनशे वर्षं इंग्लंडची लोकसंख्या रखडतच राहते आणि कितीतरी गावं नकाशावरून पुसली जातात. ईम टिकतं.

आता १६६४. इथे जरा थांबायचं आहे.

आपल्याकडे गाव केवढं ते उंबऱ्यांवरून सांगतात. इथे या काळात ते चुलींवरून कळतं, कारण १६६२पासून सरकारने घरातल्या प्रत्येक शेकोटीवर वर्षाला दोन शिलिंग कर बसवला आहे. दर सहा महिन्यांनी एक शिलिंग. गावच्या कॉन्स्टेबलबरोबर तुम्ही घरोघर जाता. दार वाजवायचं, आत शिरायचं, धुराडी मोजायची. लोकांना हे अजिबात आवडत नाही. आजवर राजाचा माणूस असा थेट घरात, चुलीपर्यंत आलेला नव्हता. एका घरात मागच्या भिंतीतली शेकोटी नुकतीच दगड रचून बुजवलेली दिसते. गाऱ्याचा रंग अजून ओला आहे. कॉन्स्टेबल त्या भिंतीकडे बघतो, घरधनिणीकडे बघतो आणि यादीत ‘एक’ लिहितो. उद्याही त्याला याच गावात राहायचं आहे.

घरं वाळूच्या दगडाची, बसकी. जमिनीवर फरशा. चुलीवरच्या तव्यावर ओटच्या पातळ पोळ्या. गहू या उंचीवर नीट पिकत नाही. दाराशी काढून ठेवलेल्या बुटांना करडी माती चिकटलेली आहे. घरातले पुरुष थोडी शेती, थोडी मेंढरं आणि उरलेला वेळ शिशाच्या खाणीत काम करतात. अगदी गरिबांना कर माफ आहे, पण त्यांची नावं बहुधा वेगळ्या यादीत लिहिली जातात. पुढे साडेतीनशे वर्षांनी या गावाचा हिशोब लागेल तो या याद्यांच्या आधारावर, म्हणून गरिबांचं पान टाकून देऊ नका.

दर घरी साडेचार माणसं धरली आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्या मिळवल्या, तर तुमचा आकडा सातशेच्या आसपास येतो. लिहून ठेवा.

त्याच वर्षी चर्चला नवा पाद्री येतो. विल्यम मॉम्पेसन, वय तिशीच्या आत, बायको कॅथरिन, दोन लहान मुलं. गावाला तो नकोसा आहे. गावाचा जीव जुन्या पाद्र्यावर, थॉमस स्टॅन्लीवर आहे. १६६२च्या धर्मकायद्यापुढे मान न तुकवल्यामुळे स्टॅन्लीची गादी गेली. तो अजून गावातच राहतो. हे दोघे एकमेकांशी बोलतही नसावेत अशी स्थिती आहे. हे लक्षात ठेवा, पुढच्या खेपेला त्याचा संबंध येणार आहे.

सप्टेंबर १६६५. चर्चच्या शेजारच्या घरात जॉर्ज व्हिकर्स हा शिंपी कामाला आहे. लंडनहून कापडाचा गठ्ठा आला आहे. कापड दमट लागलं म्हणून त्याने ते शेकोटीपुढे वाळत घातलं, असं गाव पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगणार आहे. लंडनमध्ये त्या वेळी प्लेगने आठवड्याला हजारो माणसं मरतायत आणि कापडात पिसवा आहेत. ७ सप्टेंबरला व्हिकर्सचं दफन होतं. त्याच घरातला धाकटा मुलगा एडवर्ड कूपर दोन आठवड्यांत जातो. मग थोरला जॉनथन. मग शेजारचं घर, मग समोरचं. ऑक्टोबरमध्ये २३ माणसं जातात.

आता तुम्हाला शिरगणती उलटी करायची आहे. चर्चच्या दफन नोंदवहीशी बसा. १५३८पासून इंग्लंडच्या प्रत्येक चर्चने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवावीत असा हुकूम आहे. एरवी या वहीतली बाप्तिस्म्याची पानं दफनाच्या पानांच्या थोडी पुढे असतात. गावं वाढतात ती त्या थोड्याशा फरकावर. या वर्षी दफनाची पानं एकटीच पळतायत.

हिवाळ्यात मरणं मंदावतात. थंडीत पिसवा कमी होतात हे इथे कुणाला माहीत नाही, लोकांना वाटतं संकट टळलं. मे महिन्यात तर जेमतेम चारपाच दफनं. ज्यांच्याकडे पैसा आणि बाहेर दुसरं घर होतं, त्यातले काही आधीच निघून गेलेत. मॉम्पेसनने आपल्या दोन्ही मुलांना यॉर्कशरला पाठवलं. कॅथरिन त्याच्याबरोबर राहिली. बाकीचे जाणार कुठे? मेंढरं इथे, खाण इथे, आणि अनोळखी गावात प्लेगच्या गावच्या माणसाला दगड मारून हाकलतात.

जूनमध्ये साथ परत उसळते. आणि मग ज्या दोन पाद्र्यांचं पटत नव्हतं ते एकत्र गावापुढे उभे राहतात. मॉम्पेसनचं एकट्याचं कुणी ऐकलं नसतं, स्टॅन्ली शेजारी आहे म्हणून ऐकतात. तीन गोष्टी ठरतात. ज्याने त्याने आपली माणसं आपल्या परड्यात किंवा शेतात पुरायची, चर्चच्या आवारात आणायची नाहीत. चर्च बंद, प्रार्थना ककलेट डेल्फ नावाच्या घळीत उघड्यावर, कुटुंबाकुटुंबांत अंतर ठेवून. आणि गावाची वेस कुणी ओलांडायची नाही.

काही कुटुंबं घर सोडून त्या घळीत झोपड्या घालून राहिली. हे वाचताना मराठी घरांतल्या पुष्कळांना आपल्या पणजीने सांगितलेलं आठवेल. १८९७नंतरच्या प्लेगच्या वर्षांत आपल्याकडे गावंच्या गावं रानात, मळ्यात झोपड्या बांधून राहायला गेली होती. माणसांना दोन्हीकडे एकच उपाय सुचला.

आता वेशीबाहेर चला. ईम आणि स्टोनी मिडलटन या दोन गावांच्या मध्ये रानात एक मोठा धोंडा आहे. त्याला वरून सहा भोकं पाडलेली आहेत. तुम्ही स्टोनी मिडलटनच्या बाजूने पावाची टोपली घेऊन आला आहात. धोंड्याशी कुणी नाही. भोकांत व्हिनेगर भरलेलं आहे आणि तळाशी नाणी. टोपली खाली ठेवा, दोन बोटांनी नाणी काढा, मागे फिरा. व्हिनेगरने विष मरतं असा समज आहे. थोडं वर चढून गेलात की टोपलीकडे येणारा माणूस दिसतो. तो तुम्हाला हाक मारत नाही. चॅट्सवर्थचा जहागीरदार, डेव्हनशरचा अर्ल, गावाला अन्नधान्य आणि औषधं पोचवतोय. उत्तरेच्या रस्त्यावर एक झरा आहे, तिथेही अशीच देवाणघेवाण चालते. हे सामान आलं नसतं तर जूनमध्ये घातलेली शपथ जुलैपर्यंतही टिकली नसती. या गोष्टीत सगळे त्यागाबद्दल बोलतात. त्या टोपल्या नियमाने येत राहिल्या याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि मला ते तितकंच मोलाचं वाटतं.

ऑगस्ट. गावाच्या पूर्वेला, टेकडीवर रायली नावाचं शेत आहे. तिथे हॅनकॉक कुटुंब राहतं. ३ ऑगस्टला दोन मुलं जातात, जॉन आणि एलिझाबेथ. ७ ऑगस्टला नवरा जॉन आणि आणखी दोन मुलं, विल्यम आणि ओनर. ९ला ॲलिस. १०ला ॲन. आठ दिवसांत सात माणसं, आणि सातही जणांना आई एलिझाबेथ हॅनकॉकने एकटीने पुरलं. मदतीला कुणी येऊ शकत नव्हतं. प्रेताला हात लागू नये म्हणून पायांना कापड बांधून तिने ती ओढत नेली आणि समोरच्या टेकडीवरून स्टोनी मिडलटनची माणसं ते बघत होती, असं सांगतात. तुम्ही आता त्या शेताच्या कुंपणाशी आहात. जमीन खडकाळ आहे, कुदळ हातभरावर अडते. तिचा एक मुलगा शेफील्डला कामाला होता, म्हणून वाचला. साथ सरल्यावर ती त्याच्याकडे निघून गेली. रायलीच्या सात थडग्यांभोवती नंतर गोल दगडी भिंत घातली गेली. एलिझाबेथ हॅनकॉक तिथे नाही.

वहीत तिला कुठे लिहिणार? मेलेल्यांत ती नाही. ईमच्या उरलेल्यांतही नाही. प्रत्येक शिरगणतीत असा एक रकाना राहून जातो, जगले पण राहिले नाहीत अशांचा. मला वाटतं, गावाचा इतिहास समजायचा तर मेलेल्यांइतकंच या रकान्याकडे बघायला हवं.

२५ ऑगस्टला कॅथरिन मॉम्पेसन जाते. वय २७. त्या एका महिन्यात पाऊणशेच्या वर दफनं होतात. सप्टेंबरमध्ये आकडा उतरतो, ऑक्टोबरमध्ये आणखी, आणि १ नोव्हेंबर १६६६ला शेवटचा बळी जातो.

२० नोव्हेंबरच्या पत्रात मॉम्पेसन हिशोब मांडतो: साथ ७६ कुटुंबांत शिरली, २५९ माणसं गेली.

इथे तुमची वही कामाला येईल. कारण मेलेल्यांच्या आकड्याबद्दल मोठा वाद नाही, तो २६०च्या जवळपास आहे. वाद आहे तो त्याआधी गावात किती होते याचा. पुढे बराच काळ गावाची लोकसंख्या ३५० होती असं सांगितलं गेलं. १८४२मध्ये ईमच्याच विल्यम वुडने गावाचा इतिहास लिहिला, त्यातून ही हकीकत देशभर पोचली. तीनशे पन्नासातले दोनशे साठ म्हणजे चारातले तीन गेले. नंतरच्या अभ्यासकांनी करयाद्या आणि चर्चच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि मूळ आकडा सातशेच्या घरात नेला. मग तेच दोनशे साठ दहातल्या चारांहूनही कमी ठरतात. तेही भयंकरच आहे. पण दोन्हींतून दोन वेगळी गावं दिसतात. पहिल्यात गाव जवळजवळ संपतं. दुसऱ्यात चारशेहून जास्त माणसं शिल्लक राहतात, आणि त्यांना दुसऱ्या दिवशी मेंढरं चारायला न्यायची असतात.

याच प्रश्नाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. साथ कशी चढते आणि ओसरते याचं आज जगभर शिकवलं जाणारं गणित कर्मक आणि मॅककेंड्रिक यांनी १९२७ला मांडलं. मॅककेंड्रिक हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. त्यांनी आपलं गणित पडताळून पाहिलं ते मुंबईच्या १९०५-०६च्या प्लेगमधल्या मृत्यूंच्या आकड्यांवर. पुढे १९८२मध्ये तेच गणित ईमला लावलं गेलं आणि ईम पाठ्यपुस्तकांतलं उदाहरण झालं. पण त्यात लोकसंख्या धरली होती ती जुनी, साडेतीनशेची. २०१६मध्ये दोन संशोधकांनी सातशेच्या आसपासचा आकडा घेऊन, प्रत्येक मृत्यूची तारीख आणि घर बघून हिशोब पुन्हा केला. त्यांना दिसलं की चारातल्या तिघांना लागण माणसाकडून झाली होती, उंदीर-पिसवांकडून फक्त एकाला. म्हणजे बाहेरची गावं वाचली, आणि गावात एका छपराखालची माणसं एकमेकांना देत गेली. हे कळायला गरिबांचं ते चुलींचं पान लागतं.

१६७२. पुन्हा या. मॉम्पेसन आता गावात नाही. तो नॉटिंगहॅमशरमधल्या ईकरिंगला गेला, आणि तिथल्या लोकांनी प्लेगच्या भीतीने त्याला सुरुवातीला गावाबाहेरच ठेवलं. ईममध्ये मात्र गवंड्यांच्या छिन्न्या वाजतायत. मुख्य रस्त्यावर राइट कुटुंबाचं मोठं दगडी घर, ईम हॉल, उभं राहतंय. ज्या रस्त्यावर सहा वर्षांपूर्वी गवत उगवलं होतं, तिथे दगडांच्या गाड्या आणि मजूर आहेत. ते मजूर आले कुठून?

साथीनंतरच्या इंग्लंडमध्ये हे सगळीकडे दिसतं. विधुर आणि विधवा पुन्हा लग्नं करतात. ज्यांना बापाच्या मरणाची वाट बघावी लागली असती ते तरुण लवकर जमिनीवर बसतात, म्हणून लवकर संसार थाटतात. आणि शेजारच्या खोऱ्यांतून माणसं येतात, कारण घर रिकामं आहे आणि काम आहे. मेलेल्यांची जागा फक्त जन्मांनी भरायची तर पिढ्या लागतात. येणाऱ्यांनी ती काही वर्षांत भरते.

ईमला काम होतं, कारण पायाखाली शिसं होतं. १७५०च्या सुमारास गावाच्या वरच्या ईम एजवर चढा. ठिकठिकाणी खड्डे, घोड्यांनी फिरणारे रहाट, खनिज फोडणाऱ्या बायका आणि मुलं. डर्बीशरच्या या भागातला कायदा मोठा विलक्षण आहे. कुणीही, अगदी कुणीही, शिशाची शीर शोधून काढली की तो खाणीचा हक्क मागू शकतो. बार्मोट नावाचं खाणकामगारांचं न्यायालय तो मान्य करतं. त्यासाठी पहिल्या खनिजाचं भरलेलं माप द्यायचं. मापाचं पितळी प्रमाण १५१३चं आहे, ते वर्क्सवर्थला साखळीने बांधून ठेवलेलं. दहावा हिस्सा चर्चला जातो, त्यामुळे या शतकात ईमचा पाद्री खूप श्रीमंत असतो. अशाच एका पाद्र्याच्या घरात १७४२ला कवयित्री ॲना सुअर्ड जन्मली.

तुमची मोजणी इथे घोटाळ्यात पडते. दिवसा डोंगरावर जितकी माणसं दिसतात त्यातली कितीतरी संध्याकाळी शेजारच्या गावांना चालत जातात. खोल गेलं की पाणी लागतं, ते काढायला डोंगराच्या पोटातून मैल मैल लांबीचे बोगदे खणले जातात आणि खणायला बाहेरून टोळ्या येतात. त्या वर्षा-दोन वर्षांत पुढे जातात. काहीजण इथेच लग्न करून राहतात. शिशाची धूळ चाऱ्यावर बसते आणि गुरं झिजून मरतात, माणसंही. त्या रोगाला लोक बेलंड म्हणतात. तरी गाव भरलेलं आहे.

१८०१च्या मार्चमध्ये देशाची पहिली जनगणना होते. नावं नाहीत, घरं, कुटुंबं, बायका, पुरुष यांचे नुसते आकडे. नावं वर्षानुवर्षं टिकून राहतील अशी लिहिली जातात ती १८४१पासून. म्हणून १८४१च्या जूनमध्ये तुम्ही गणनेच्या माणसाबरोबर फिरा. डूम्सडेपासून पहिल्यांदाच सातवीतल्या वयाची मोलकरीण, तान्हं मूल आणि अंथरुणावरची आजी, तिघंही एकेका ओळीवर येतात. व्यवसायाच्या रकान्यात खाणकामगार, शेतकरी, आणि आता विणकर. काही घरांतून मागांचा आवाज येतो. कापूस आणि रेशीम विणण्यात या गावाचा हात बसला आहे. राल्फ वेन नावाच्या इथल्या विणकराने रेशमी कापडाच्या दोन्ही बाजूंना सारखीच नक्षी उमटवण्याची रीत शोधली, ती मॅकल्सफील्डच्या मोठ्या पेढ्यांच्या कामी आली.

पण शिशाचे भाव पडायला लागलेत, आणि डोंगरापलीकडे शेफील्ड आहे. १८०१ला पन्नास हजारांच्या आतलं हे शहर शतक संपताना चार लाखांच्या घरात जातं. पोलादाच्या भट्ट्या माणसं ओढतायत. १८५१च्या जनगणनेत देशात शहरांतली माणसं गावांतल्या माणसांपेक्षा जास्त भरतात. मुली घरकामाला जातात, मुलगे कारखान्यात. १८९४ला ग्रिंडलफर्डला रेल्वे येते, आणि तिथून शेफील्ड अर्ध्या तासावर राहतं. रेल्वेने गाव रिकामं केलं असं म्हणायचा मोह होतो, पण त्याच गाडीने उलट दिशेला रविवारी डोंगर चढायला माणसं येऊ लागली. पुढच्या शतकात तीच गावाची रोजीरोटी होणार आहेत.

तोवर गावाला तगवलं ते बुटांनी. ईमच्या कारखान्यांत बायकामुलांच्या पादत्राणांचं काम होई, शेजारच्या स्टोनी मिडलटनला कामगारांचे जाड बूट. कामगारांत बायका पुष्कळ होत्या. १९१८मध्ये दोन्ही गावांच्या कामगारांनी संघटना केली म्हणून मालकांनी डोळे वटारले आणि मोठा संप झाला. तुम्ही १९१८च्या हिवाळ्यात कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिलात तर त्या मुली दिसतील. प्लेगने गेलेल्यांच्या नावांच्या हिरव्या पाट्या आज गावातल्या घरांवर आहेत, आणि ते योग्यच आहे. पण हे गाव विसाव्या शतकात जिवंत राहिलं ते या मुलींच्या पगारावर, याचीही आठवण राहायला हवी.

बुटांचे कारखाने एकेक करून बंद झाले. फ्लोरस्पार हे खनिज शिसं काढणाऱ्यांनी पूर्वी कचरा म्हणून टाकलं होतं. पोलाद आणि रसायनांसाठी त्याला भाव आला आणि गावाच्या मधोमध ग्लीब खाण चालली. तीही थांबली.

१९५१. पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर होतं आणि ईम त्याच्या हद्दीत येतं. आता डोंगर सुरक्षित, दगडी भिंती सुरक्षित, कुणाला वाटेल तसं बांधता येत नाही. ही चांगली गोष्ट झाली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शेफील्ड आणि मँचेस्टर दोन्हींच्या मध्ये असलेल्या या डोंगरांवर नाहीतर आतापर्यंत वसाहतींच्या रांगा असत्या. पण घरं वाढत नाहीत आणि घर हवं असणारे वाढतात. शहरात चांगली नोकरी करून रोज गाडीने ये-जा करणारे, निवृत्तीनंतर इथे येणारे, सुट्टीपुरतं घर घेणारे. खाणकामगाराचं दोन खोल्यांचं घर त्याच्या पणतूला परवडत नाही. म्हणून उद्यानाच्या प्रशासनाने नियम केला. नवं परवडणारं घर बांधायचं तर ते स्थानिकांसाठी, आणि स्थानिक कोण, तर गेल्या वीस वर्षांतली किमान दहा वर्षं त्या किंवा लगतच्या पॅरिशमध्ये, म्हणजे गावाच्या कारभाराच्या हद्दीत, राहिलेला.

१६७२च्या मजुराला हा नियम लावून बघा. तो दूरच्या पॅरिशमधून आला असेल, तर त्याला ईममध्ये असं घर मिळालं नसतं.

२०११च्या जनगणनेत ईमची लोकसंख्या ९६९ भरली. तुमच्या वहीतल्या १६६४च्या आकड्याशेजारी ती लिहा. पॅरिशच्या हद्दी बदलल्यात, त्यामुळे तुलना अगदी नेमकी नाही, तरी गाव साडेतीनशे वर्षांत फार वाढलेलं नाही हे दिसतं. याच काळात इंग्लंडची लोकसंख्या दहापट झाली. आणि या दोन आकड्यांच्या मध्ये जे घडलं ते वहीत कुठेही नाही. प्लेगने चौदा महिन्यांत जे खड्डे पाडले ते शिशाच्या कामाने बुजवले. शिसं गेलं तेव्हा मागांनी आणि बुटांनी धरून ठेवलं. आज गावात माणसं आहेत, पण काम शहरात आहे. साथीपेक्षा हे या गावाला जास्त जड जाईल असं माझं मत आहे, कारण साथीनंतर रिकाम्या घरात शिरायला तरुण जोडपं तयार होतं, आणि आता घर रिकामंच होत नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ईममध्ये प्लेगचं स्मरण होतं. लोक मिरवणुकीने त्याच घळीत, ककलेट डेल्फमध्ये जमतात. जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये संग्रहालय आहे, ते १९९४पासून चालू आहे आणि अतिशय मन लावून मांडलेलं आहे. इंग्लंडला जाणं झालं, मुलाबाळांकडे मँचेस्टरला किंवा शेफील्डला मुक्काम असला, तर एक दिवस काढा. सहा भोकांच्या धोंड्यापर्यंत चाला, रायलीची थडगी बघा. मग गावात परत येऊन प्राथमिक शाळेवरून जा, आणि कुणी बोलायला थांबलंच तर प्लेगबद्दल विचारू नका, ते त्यांना रोज कुणीतरी विचारतं. शाळेच्या पटावर यंदा किती मुलं आहेत आणि त्यातल्या किती जणांना मोठेपणी इथेच घर घेता येईल असं वाटतं, ते विचारा. आणि जे उत्तर मिळेल ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.